दार्जिलिंगच्या झूला जावं का, आणि रेड पांडा नीट बघायचा तर काय करावं

ताई, तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे सासू-सासरे घेऊन दार्जिलिंगला चाललोय, ट्रॅव्हलवाल्याने झूला एक तास दिलाय, तेवढ्यात रेड पांडा आणि हिमबिबट्या दिसेल का, आणि मिस्टर म्हणतायत की पिंजऱ्यातले प्राणी बघायला पैसे देऊन जायचंच कशाला, ते ब्रीडिंग वगैरे नुसतं बोर्डावर लिहायला असतं. वेळेचा प्रश्न तसा सोपा आहे. मिस्टरांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर नीट कळलं की वेळेचा प्रश्न आपोआप सुटतो, म्हणून आधी त्यांच्याकडेच वळतो.

मी पशुवैद्य आहे, बरीच वर्षं प्राणीसंग्रहालयात नोकरी केली, नोकरी सुटल्यावर आता मराठी ग्रुप घेऊन पूर्व हिमालयात जात असतो. माझं मत सरळ आहे, जा. पण तासाभरात उरकणार असाल तर नका जाऊ, त्यापेक्षा मॉल रोडवर चहा पीत बसा. आणि काय दिसेल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. धुकं किती आहे, ऊन किती चढलंय, तुम्ही किती वाजता पोचलात, त्या आठवड्यात कुठला प्राणी बाहेर ठेवलाय आणि कुठला आत, या सगळ्यावर ते ठरतं.

आधी जागा समजून घ्या. नाव पद्मजा नायडू हिमालयन झूलॉजिकल पार्क. सुरू झालं 1958 ला, नाव बदललं 1975 ला, पद्मजा नायडू म्हणजे सरोजिनी नायडूंच्या कन्या, त्या पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. जवळजवळ 7000 फुटांवर, सुमारे 67 एकर, सगळं डोंगरउतारावर. आपल्या डोक्यात झू म्हटलं की हत्ती, जिराफ, माकडं, मगरी असं सगळं एका जागी येतं, तसं इथे नाही. इथे मुख्यतः थंडीतले, हिमालयातले प्राणी आहेत आणि त्यातल्या काही निवडक जातींची पैदास करणं हे या झूचं मूळ काम आहे. हिमबिबट्याचा कार्यक्रम 1983 ला सुरू झाला, स्वित्झर्लंड, अमेरिका आणि आपल्या लेह-लडाखमधून आणलेल्या जनावरांपासून. रेड पांडाचा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे तुमच्या मुलीला जो रेड पांडा झाडावर दिसेल त्याच्या आई-आजी-पणजीपर्यंत कुणीतरी कागदावर नोंद ठेवलेली आहे.

ही नोंद म्हणजे स्टडबुक, आणि मिस्टरांच्या शंकेचं अर्धं उत्तर त्यात आहे. पिंजऱ्यात नर-मादी एकत्र ठेवली आणि पिल्लं झाली, याला आम्ही लोक संवर्धन म्हणत नाही, ती नुसती संख्या वाढते. चार-पाच जनावरांपासून सुरुवात केली की दोन-तीन पिढ्यांत सगळे एकमेकांचे चुलत-मावस भाऊबहीण होतात, मग पिल्लं अशक्त निघतात, लवकर मरतात, नर नापीक निघतात. आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र बघतात ना, तसं इथे प्रत्येक जोडी जमवायच्या आधी दोघांचं रक्ताचं नातं किती लांबचं आहे ते आकड्यात काढतात. रेड पांडाचं जगभरचं स्टडबुक नेदरलँडच्या रॉटरडॅम झूकडे असतं, आणि दार्जिलिंगला वेळोवेळी रॉटरडॅमसारख्या युरोपातल्या झूंतून नवीन रक्ताचे रेड पांडा आलेले आहेत. उलट दिशेलाही जनावरं जातात. 2023 च्या शेवटी सायप्रसमधल्या झूतून सायबेरियन वाघांची जोडी दार्जिलिंगला आली, बदल्यात इथून रेड पांडाची जोडी तिकडे गेली. पेपरात अशी बातमी आली की लोक म्हणतात काय ही प्राण्यांची अदलाबदल, पण वंश टिकवायचा तर हे करावंच लागतं, दुसरा मार्ग नाही.

आता उरलेलं अर्धं उत्तर, आणि माझ्या मते हेच सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. पैदाशीचं खरं काम तुम्हाला दाखवलंच जात नाही. दार्जिलिंगपासून थोड्या अंतरावर टोपकेदारा नावाच्या जागी या झूचं वेगळं केंद्र आहे, तिथे रेड पांडा, हिमबिबटे वगैरे पर्यटकांच्या नजरेआड ठेवतात, तिकीट काढून तिथे जाता येत नाही. मुख्य झूमध्येसुद्धा काही भाग बंदच असतो. ज्यांना "काही दिसत नाही" असा अनुभव येतो त्यांचा राग मी समजू शकतो, लांबून येऊन पोराबाळांना घेऊन चढ चढायचा आणि समोर रिकामी जाळी, वाईट वाटणारच. पण जी झू पैदाशीच्या काळात मादीला प्रेक्षकांपासून लपवते ती झू आपलं काम करतेय, असं समजा.

कारण सांगतो, रेड पांडाचंच घ्या. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, साधारण जानेवारी ते मार्च, आणि तेही जेमतेम एक-दोन दिवस. तो दिवस हुकला की गेलं वर्ष. पिल्लं होतात जून-जुलैमध्ये, बहुतेक वेळा एक किंवा दोन, जन्मतः शंभर-सव्वाशे ग्रॅमची, डोळे मिटलेले, फिकट राखाडी रंगाची. मादी त्यांना झाडाच्या ढोलीत किंवा आपण दिलेल्या लाकडी खोक्यात ठेवते, आत बांबूची पानं, काटक्या, गवत नेऊन अंथरते. एवढ्यात बाहेर गोंगाट झाला, कुणी शिट्ट्या मारल्या, अनोळखी माणूस खोक्याजवळ आला, तर ती पिल्लू मानेला धरून उचलते आणि दुसऱ्या खोक्यात नेते. पुन्हा आवाज झाला की तिसऱ्या. जास्तच बिथरली तर दिवसभर पिल्लू तोंडात धरून नुसती येरझाऱ्या घालते, ठेवायला सुरक्षित जागा मिळत नाही म्हणून. त्यात पिल्लू गारठतं, दूध मिळत नाही, दातांच्या जखमा होतात आणि मरतं. आई चांगली असते, पिल्लू निरोगी असतं, तरी मरतं. म्हणून एका मादीला एकाच पिंजऱ्यात दोन-तीन-चार खोकी वेगवेगळ्या उंचीवर देतात आणि त्या दिवसांत नेहमीच्या एखाद-दुसऱ्या कीपरशिवाय कुणाला जवळ फिरकू देत नाहीत, अगदी आम्हा डॉक्टरांनासुद्धा. पिल्लांचं वजन घ्यावंसं आम्हाला फार वाटतं, पण हात आवरायचा, आई खायला बाहेर गेली की कीपरने लांबून बघून सांगायचं, बस्स. पिल्लं साधारण तीन महिने खोक्यातच असतात.

तुम्ही मेमध्ये जाताय म्हणजे काही माद्या त्या वेळी पोटुशी असणार. म्हणून झूमध्ये मुलीला एवढं एकच बजावून न्या की हाका मारायच्या नाहीत, टाळ्या नाहीत, जाळी वाजवायची नाही. मुलं ऐकतात हो, नियम म्हणून नाही पण कारण सांगितलं की ऐकतात. आरडाओरडा बहुतेक वेळा मोठी माणसंच करत असतात, व्हिडिओत प्राण्याने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून.

अजून एक गोष्ट आमच्या धंद्यातली, कारण कुणी ती सांगत नाही. रेड पांडाला कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाची प्रचंड भीती. आपल्या घरच्या कुत्र्याला पिल्लूपणी जी लस देतो ना, त्यातलीच नेहमीची जिवंत विषाणूची लस रेड पांडाला दिली तर लसीनेच रोग होऊन तो मरू शकतो, बाहेरच्या देशांतल्या झूंमध्ये असं झालेलं आहे. म्हणून त्यांच्यासाठी लस वेगळी निवडावी लागते आणि मुख्य भर असतो तो रोग आत येऊच नये यावर. पिंजऱ्यांच्या दाराशी औषधाच्या पाण्याचा उथळ हौद दिसला, कीपर त्यात बूट बुडवून आत जाताना दिसला, तर मुलीला दाखवा, तो याचसाठी असतो. दार्जिलिंगमध्ये रस्तोरस्ती गुबगुबीत गोड कुत्री आहेत आणि मुलं त्यांच्यात रमतात, रमू दे, फक्त झूच्या दिवशी आधी कुत्री कुरवाळून मग जाळीला हात असं नको. ही कुणी लिहिलेली सूचना नाही, माझी आहे, पण मी माझ्या ग्रुपला हे नेहमी सांगतो.

मिस्टर आता म्हणतील, ठीक आहे, पैदास करतात, पण पुढे काय, आयुष्यभर पिंजऱ्यातच ना? हा प्रश्न एकदम रास्त आहे आणि याचं उत्तर गोड करून सांगणार नाही. बहुतेक प्राणी पिंजऱ्यातच राहतात. हिमबिबट्या पिंजऱ्यात वाढवून जंगलात सोडणं हे आजच्या घडीला इथे होत नाही. त्यांचा उपयोग म्हणजे जंगलातली संख्या अचानक ढासळलीच तर हाताशी निरोगी वंश असावा, आणि आजार, वागणूक, प्रजनन याबद्दल जे जंगलात कळणं जवळजवळ अशक्य ते इथे कळावं. अलीकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेबरोबर इथे मेलेल्या प्राण्यांच्या पेशी आणि ऊती गोठवून जपायचं कामही सुरू झालंय. तेवढ्यासाठी जिवंत जनावर बंद ठेवावं का, यावर माणसं प्रामाणिकपणे वेगवेगळी मतं धरतात आणि मी कुणाला चूक म्हणणार नाही.

रेड पांडाची गोष्ट मात्र वेगळी. 2003 साली या झूमध्ये जन्मलेल्या दोन माद्या, स्वीटी आणि मिनी, दार्जिलिंग जिल्ह्यातल्याच सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडल्या, गैरीबासच्या बाजूला. एकदम दार उघडून नाही सोडल्या, आधी जंगलातच कुंपण घातलेल्या मोठ्या जागेत ठेवल्या, तिथली झाडं, तिथला बांबू, तिथली थंडी अंगवळणी पडू दिली, मग गळ्यात रेडिओ कॉलर घालून सोडल्या. मिनीला शिकारी प्राण्याने मारलं. स्वीटी जगली, जंगली नराबरोबर जोडी जमली आणि पुढच्या पावसाळ्यात झाडाच्या ढोलीत तिने पिल्लू दिलं. पिंजऱ्यात जन्मलेली मादी, जिने कधी ढोली बघितली नव्हती, तिने योग्य ढोली निवडली, याचं मला आजही फार अप्रूप आहे. मधे बरीच वर्षं गेली आणि 2022 पासून पुन्हा टप्प्याटप्प्याने सिंगालीलात रेड पांडा सोडायला सुरुवात झालीय. 2024 ला जगातल्या झूंच्या संघटनेच्या संवर्धन पुरस्कारासाठी शेवटच्या तिघांत या कार्यक्रमाचं नाव होतं.

संख्या लहान आहे, हो. दोन, चार, असेच सोडतात. ज्यांना वाटतं शंभर सोडा आणि प्रश्न मिटवा, त्यांनी आपल्याकडच्या गिधाडांचं उदाहरण बघावं. हरियाणात पिंजोरला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) केंद्रात वाढवलेली 20 गिधाडं 2024 च्या जानेवारीत पेंच आणि ताडोबात आणली, काही महिने मोठ्या जाळीघरात ठेवली, पाठीवर ट्रान्समीटर लावले, मग सोडली. काही मेली, आणि सोडलेल्यांतलं एक थेट तमिळनाडूत जाऊन पोचलं. त्या पिंजोरच्या केंद्रामागे वीसहून जास्त वर्षांची मेहनत आहे, आणि गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या ज्या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर 2006 ला बंदी आली नसती तर सोडलेली गिधाडंसुद्धा तशीच मेली असती. म्हणजे ज्या कारणाने प्राणी संपत आला ते कारण आधी हटलं पाहिजे. रेड पांडाच्या बाबतीत ते कारण म्हणजे बांबू असलेलं दाट जंगल तुटणं, जंगलात गुरं आणि मोकाट कुत्री फिरणं, आणि कातड्यासाठी शिकार. सिंगालीलात कुत्रे ट्रेकरच्या मागे मागे बिस्किटांसाठी चालत पार आतपर्यंत जातात. डिस्टेंपरचं वर लिहिलंय ते इथे आठवा. म्हणून पुढे कधी त्या बाजूला ट्रेकला गेलात तर कुत्र्याला बिस्किट टाकून बरोबर घेऊ नका, कितीही लाघवी असला तरी.

तर मिस्टरांना एवढंच सांगा की बोर्डावर ब्रीडिंग लिहिलेल्या सगळ्याच जागा सारख्या नसतात, त्यांचा संशय बऱ्याच ठिकाणी बरोबरच ठरेल. मी कुठल्याही जागी गेलो की आधी बघतो की प्राण्याला आपल्याकडे पाठ फिरवून जाता येईल अशी जागा आहे का, आणि मग विचारतो की वंशाची नोंद ठेवता का, पिल्लं पुढे कुठे जातात. पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढू देतात अशी जागा असेल तर तिथून मी परत फिरतो. दार्जिलिंगची झू या कसोटीला उतरते असं माझं मत. परिपूर्ण नाही. काही जुने पिंजरे मला लहान वाटतात, मोठ्या मांजरांपैकी एखादं जाळीच्या कडेकडेने येरझाऱ्या घालताना दिसेल आणि ते बघून त्रास होईल. खाण्याची वेळ जवळ आली की जवळजवळ सगळेच तसं करतात, तेवढं चालतं, पण अर्धा तास उभं राहून बघितलं आणि ते एकाच रेषेत, त्याच जागी वळत फिरतंय तर तो ताणच असतो. मुलीने विचारलं "हा असा का करतोय" तर खरं सांगा.

आता प्रत्यक्ष कसं जायचं ते. गुरुवारी झू बंद असते, तेवढं बघून दिवस ठरवा, कितीतरी लोक गेटवरून परत येतात. ट्रॅव्हलवाले दार्जिलिंगमध्ये सेव्हन पॉइंट म्हणून जे विकतात त्यात सकाळी चारला उठवून टायगर हिल, मग बतासिया लूप, घूम मठ, हॉटेलवर नाश्ता, आणि मग झू. म्हणजे सगळ्या गाड्या एकदमच साडेदहा ते एकच्या दरम्यान झूच्या गेटवर. नेमका तोच वेळ रेड पांडा झोपायचा. तो पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी हलतो, दुपारी फांदीवर पाय लोंबकळत सोडून झोपतो, आणि ऊन चढलं तर आणखीनच सुस्तावतो कारण त्याला उकाडा अजिबात सोसत नाही. तुम्ही टायगर हिल आणि झू एका दिवशी ठेवूच नका. झूसाठी वेगळी सकाळ ठेवा, साडेआठच्या सुमाराला उघडते, उघडल्या उघडल्या आत शिरा. ट्रॅव्हलवाला कुरकुर करेल, "सर तिकडे एवढं काही नाहीये" म्हणेल, त्याला सांगा आम्हाला सोडून जा, परत आम्ही टॅक्सीने येऊ. अडीच-तीन तास हाताशी ठेवा. तिकिटात शेजारची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट पण येते, 1954 ला सुरू झालेली, तिथे तेनझिंग नोर्गेंची समाधी आहे आणि गिर्यारोहणाचं म्युझियम आहे, सासऱ्यांना ते नक्की आवडेल. पण आधी प्राणी, म्युझियम नंतर, कारण म्युझियममधल्या वस्तू दुपारी झोपत नाहीत.

आत शिरल्यावर बहुतेक लोक पहिल्या पिंजऱ्यापासून क्रमाने सुरू करतात, प्रत्येकासमोर दोन मिनिटं, फोटो, पुढे. तुम्ही तसं करू नका. सरळ रेड पांडाकडे जा, वाटेत काही लागलं तर परत येताना बघू. तिथे जाऊन आधी कीपर दिसतोय का बघा. तिकडची माणसं नेपाळी बोलतात, हिंदी सगळ्यांना येतं, "दाजू, पांडा आज किस पेड पे है" असं नम्रपणे विचारलं (दाजू म्हणजे नेपाळीत दादा) की ते आनंदाने दाखवतात, कारण दिवसभरात असं विचारणारं कुणी नसतं.

कीपर नसेल तर स्वतः शोधा. जमिनीवर शोधू नका, वर बघा, जाड फांदी जिथे खोडाला मिळते त्या बेचक्यात. तो वरून लालसर-तांबूस असतो आणि पोटाखाली काळाभोर, त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो सावलीसारखा वाटतो, आणि जंगलात फरच्या झाडांवर शेवाळ तांबूस असतं त्यात वरूनही मिसळून जातो. शेपूट सापडली की सापडला, लांब, झुबकेदार, पट्टे पट्टे असलेली, बहुतेक वेळा फांदीवरून खाली लोंबत असते. मग तिथेच थांबा. वीस मिनिटं, अर्धा तास, बाकडं असेल तर बाकड्यावर. सकाळी बांबूच्या ताज्या पालेदार फांद्या टाकतात, तिथली माणसं त्या बांबूला मालिंगो म्हणतात, त्या जुड्या कुठे बांधल्यात ते बघून ठेवा, तो तिथेच येणार.

आणि आला की त्याचा हात बघा. मुलीला दुर्बीण द्या, साधी चालेल. तो बसतो, एका हाताने बांबूची डहाळी धरतो, अगदी आपण पेन धरतो तशी पकडीत, आणि पानांचा झुपका तोंडाच्या कोपऱ्यात नेऊन एकेक पान कुरतडतो. त्याच्या मनगटातलं एक हाड वाढून अंगठ्यासारखं पुढे आलेलं आहे, त्यामुळे पाच बोटं एका बाजूला आणि हा खोटा अंगठा दुसऱ्या बाजूला अशी पकड जमते. पोटातली आतडी मात्र मांसाहारी प्राण्याचीच राहिलीत, आखूड, त्यामुळे बांबू नीट पचत नाही, खाल्लेल्यातला थोडासाच भाग अंगी लागतो, म्हणून दिवसाचा बराच वेळ खाण्यात जातो आणि उरलेला शक्ती वाचवायला झोपण्यात. तीन ते सहा किलोचा प्राणी. आमच्या ग्रुपमधली माणसं फोटोत बघून तो भालूएवढा समजून येतात, प्रत्यक्षात मोठ्या मांजराएवढा. एवढंच जर तुमच्या मुलीने अर्धा तास मन लावून बघितलं तर झूची ट्रिप वसूल, मी हे मनापासून म्हणतोय.

हिमबिबट्या दिसण्याची शक्यता आहे पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. दिसला तर बहुतेक वेळा कपारीत मुटकुळं करून, नाकावर शेपूट घेऊन झोपलेला असेल, ती शेपूट जवळजवळ अंगाच्या लांबीची असते, थंडीत तोंड झाकायला आणि कड्यावर तोल सांभाळायला. ढगाळ, गार सकाळी तो उठून चालताना दिसायची शक्यता जास्त, म्हणून मेमध्ये धुकं आलं तर हिरमुसू नका, माणसांना खराब वाटणारी हवा त्याला चांगली असते.

बाकी हिमालयी काळं अस्वल, लांडगे, भरल, ताहर, मारखोर अशा डोंगरी रानबकऱ्या-मेंढ्या, काळा बिबट्या, वाघ हे सगळं वाटेत होईल. दोन गोष्टींकडे मात्र मुद्दाम थांबा. एक म्हणजे पक्ष्यांचा भाग, सॅटिर ट्रॅगोपान नावाचा लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांचा रानकोंबड्यासारखा पक्षी, तो सिंगालीलाच्या जंगलात बघायला लोक आठवडाभर तंगडतोड करतात. दुसरं म्हणजे सॅलॅमँडर. पालीसारखं दिसतं पण बेडकाच्या नात्यातलं, पाण्याकाठी राहतं, दार्जिलिंगच्या डोंगरातल्या डबक्यांत सापडतं आणि ती डबकी बुजत चालल्यामुळे कमी झालंय. लोक त्याच्यासमोर थांबतही नाहीत. तुम्ही मिरिकच्या रस्त्याने उतरणार असाल तर सुखियापोखरीजवळ जोरपोखरी लागतं, तिथे याच सॅलॅमँडरसाठी छोटंसं अभयारण्य ठेवलंय.

सासू-सासऱ्यांचं सांगतो. गेटपर्यंत गाडी जाते पण आत सगळा चढ-उतार आणि पायऱ्या, गुडघ्यांचा त्रास असेल तर हळूहळू, थांबत थांबत जावं लागेल. 7000 फूट फार उंची नाही, पण पहिल्याच दिवशी सिलीगुडीहून वर येऊन लगेच हा चढ नको, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. सासूबाईंना चढ झेपणार नसेल तर सगळ्यांनी सगळं बघायचा हट्ट सोडा, रेड पांडापर्यंत या, तिथे बाकड्यावर त्या आणि तुम्ही बसा, मिस्टर मुलीला घेऊन वर वाघ-लांडगे बघून येतील. स्वेटर आणि छत्री दोन्ही हवं, मेमध्ये दुपारनंतर पाऊस येतोच येतो. फोटोसाठी फ्लॅश बंद करून ठेवा, मोबाईलमध्ये आपोआप पडतो तो आधीच बघा.

शेवटी तुम्ही विचारलंय की जंगलातला रेड पांडाच बघायचा तर सिंगालीलाला जावं का. या ट्रिपमध्ये नाही. मानेभंजनहून जुन्या लँडरोव्हरने टुमलिंग, गैरीबासच्या बाजूला जाता येतं पण रस्ता हाडं खिळखिळी करणारा आहे, उंची 10000 फुटांच्या आसपास जाते, जाणकार गाइडबरोबर तीन-चार दिवस पायी शोधावं लागतं आणि तरी दिसेलच असं नाही. सत्तरीच्या माणसांना आणि आठ वर्षांच्या मुलीला ते झेपणार नाही. मुलगी बारा-तेराची झाली की मार्च-एप्रिलमध्ये किंवा दिवाळीनंतर या, पावसाळ्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उद्यान बंद असतं. तारखा नक्की झाल्या आणि झूच्या दिवशी गुरुवार येत नाहीये ना हे बघून झालं की इथे लिहा, दार्जिलिंगचे तुमचे बाकीचे दिवस कसे लावायचे तेही सांगतो.